चार नखांचा ड्रॅगन डुप्लिकेट नसतो: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

आपला रिव्ह्यू वाचला. आमच्या फेंगशुईच्या दुकानातून नेलेल्या चिनी ड्रॅगनच्या मूर्तीमुळे आपल्याला मनस्ताप झाला आणि काउंटरवरच्या मुलाचं बोलणं आपल्याला लागलं, याबद्दल मनापासून सॉरी. त्याला समज दिली आहे.

पण आपण लिहिलेलं आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाचतंय, म्हणून उत्तर देणं भाग आहे. आपलं म्हणणं थोडक्यात असं: आग ओकणारं जनावर घरात आणलं आणि भांडणं वाढली, दिशा विचारली तर मालक एक सांगतो, पोरगा दुसरंच, १,८५० रुपये घेऊन परत घेत नाहीत, आणि ड्रॅगनला चारच नखं आहेत, सिंगापूरच्या भाच्याने फोटो बघून सांगितलं की खऱ्याला पाच असतात, म्हणजे हा डुप्लिकेट. बाकीचं मी ऐकून घेतलं असतं. डुप्लिकेट म्हटलेलं मात्र सहन होत नाही.

भाचेसाहेबांनी अर्धी गोष्ट बरोबर सांगितली. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा, हे खरंच. पण म्हणून चार नखांचा खोटा होत नाही, कारण नखांवरून चीनमध्ये माणसाचा दर्जा कळायचा. तांग आणि सोंग या जुन्या चिनी राजघराण्यांच्या काळातली भांडी, आरसे बघा, त्यांवरचे ड्रॅगन बहुतेक तीन नखांचे आहेत. पुढे मंगोलांचं युआन राज्य आलं. त्यांनी १३१४ साली पोशाखाचे नियम काढले आणि त्यात मनाई केलेला ड्रॅगन म्हणजे कोणता तेही लिहून ठेवलं: पाच नखं आणि दोन शिंगं असलेला. त्यांच्यानंतरचे मिंग घराण्याचे बादशहा मर्जीतल्या मोठ्या अधिकाऱ्यांना चार नखांच्या ड्रॅगनचा झगा मानाचा पोशाख म्हणून द्यायचे. असा झगा मिळणं हे आयुष्याचं सार्थक समजलं जायचं. दातोंग शहरात नऊ ड्रॅगनांची भिंत आहे, १३९२ सालची, ४५ मीटरहून लांब. ती मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाच्या मुलाच्या वाड्यासमोर बांधलेली. मुलगा असला तरी बादशहा नव्हे, म्हणून त्या नऊही ड्रॅगनांना प्रत्येक पंजाला चारच नखं. बीजिंगच्या बेहाई बागेतली भिंत बादशाही, तिथे पाच. दोन्ही भिंती आज उभ्या आहेत, आपल्या भाच्याला सुट्टीत जाऊन मोजता येतील.

मिंगनंतरच्या चिंग घराण्याच्या काळातला नियम तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आपल्यालाही सांगितला होता. दरबाराकडून कुणाला पाच नखी ड्रॅगनचं कापड बक्षीस मिळालं, तर त्यातलं एक नख उसवून काढायचं आणि मगच ते अंगावर घालायचं. प्रत्येक पंजाचं एकेक नख सुईने टाका टाका उसवलेले असे जुने झगे अजून शिल्लक आहेत, आणि रेशमावर रिकामी जागा स्पष्ट दिसते. सांगा, त्या झग्यांना कुणी डुप्लिकेट म्हणेल का? मी मुद्दाम चार नखी पीस ठेवतो. घरात ठेवायला तोच शोभतो असं माझं मत आहे. पाच नखीही आहेत, महाग आहेत, आपल्याला दोन्ही दाखवले होते आणि आपण किंमत ऐकून हा घेतलात.

आगीबद्दल. चिनी ड्रॅगन आग ओकत नाही, ते पाश्चात्त्य सिनेमातलं. हा पाण्याचा, पावसाचा. चार समुद्रांचे चार ड्रॅगनराजे मानतात. दुष्काळ पडला की गावकरी ड्रॅगनराजाच्या देवळात साकडं घालायचे, आणि तरी पाऊस आला नाही तर मूर्ती उचलून भर उन्हात ठेवायचे, त्यालाही चटके कळू देत म्हणून. बीजिंगच्या राजवाड्यातल्या मुख्य दरबाराच्या छपरावर, आढ्याच्या दोन्ही टोकांना ड्रॅगनच्या तोंडाचं जनावर आढं जबड्यात धरून बसलंय. १३ तुकडे जोडून केलेलं, सुमारे ३.४ मीटर उंच. लाकडी इमारतीला आग लागू नये म्हणून ते तिथे आहे. घरातल्या भांडणांचं मला मनापासून वाईट वाटलं, पण ती ह्या बिचाऱ्याच्या माथी मारू नका.

दिशेबद्दल मी पूर्व म्हणालो आणि मुलगा डावी बाजू म्हणाला. दोन्ही बरोबर आहे. फेंगशुईत घर दक्षिणमुखी धरतात आणि चार बाजूंना चार प्राणी मानतात. पाठीशी काळं कासव, समोर लाल पक्षी, उजवीकडे पांढरा वाघ, डावीकडे निळा-हिरवा ड्रॅगन. दारात बाहेर तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू म्हणजेच पूर्व. आपला फ्लॅट पश्चिममुखी, हे आपण तेव्हा बोलला नाहीत. अशा घरात डावी बाजू धरतात.

बरोबर नेलेल्या पाच बादशहांच्या नाण्यांबद्दल 'नवी दिसतात' असं लिहिलंय. नवीच आहेत. चिंग घराण्यातल्या शुनझी ते जियाचिंग या पाच बादशहांच्या नाण्यांच्या प्रतिकृती, बिलावर तसंच छापलंय. नातवासाठी कुलुपाचं लॉकेट नेलंत, त्याबद्दल मात्र रिव्ह्यूत अक्षर नाही. शटर अर्धं खाली आलेलं असताना मी आपल्याला सांगत बसलो होतो की तिकडे शंभर घरांतून थोडे थोडे पैसे मागून लेकराच्या गळ्यात असं कुलूप घालायचे, आयुष्य आत सुरक्षित राहावं म्हणून. आपल्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं. ते मी विसरलेलो नाही.

आता परत घेण्याचं. बिलावर सात दिवस लिहिलंय. आपण गणपतीआधी नेलात आणि दिवाळीनंतर, आम्ही बंद करायच्या वेळेला, परत आणलात. त्यावर तेल आणि शेंदूर होता. आपली श्रद्धा आहे, त्याला माझा नमस्कारच आहे. पण रेझिनवरच्या सोनेरी पॉलिशमध्ये शेंदूर खवल्याखवल्यात बसतो, मिशांच्या खाचेतून तर निघतच नाही. तो पीस मी दुसऱ्या कुणाला नवा म्हणून विकला असता, तर ती फसवणूक झाली असती. पैसा येईल असं वचन मी कधीच कुणाला देत नाही, आपल्यालाही दिलं नव्हतं. चिनी घरांत हे कशासाठी ठेवतात तेवढं सांगतो.

२०२० साली चिनी वस्तू नको म्हणून लोक दारातून परत गेले, तेव्हाही दुकान चालू ठेवलं. आता लोक बाहेर उभे राहून मोबाइलवर स्टार बघतात आणि पायरी न चढता निघून जातात. ह्या दुकानावर दोन घरं चालतात, मॅडम. 'लुबाडतात' हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.

दिशांची माहिती मराठीत छापून पिशवीत घालायचं मनात आहे, परतीचे दिवस वाढवण्याचंही बघतो. आपला ड्रॅगन घेऊन या, शेंदूर काढून नवं पॉलिश करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. पाच नखीच हवा असेल तर वरची रक्कम देऊन न्या. येताना बिल आणा. सोमवारी दुकान बंद असतं, आणि जमलं तर संध्याकाळी सातच्या आत या.