अंदमानातली वामकुक्षी

दुपारी जेवल्यावर आडवं होणं याला खानदेशात कुणी आळस म्हणत नाही. मे महिन्यात पारा 45च्या पलीकडे गेला की जळगावच्या रस्त्यावर भर दुपारी फक्त परगावचे पाहुणे दिसतात. बाकी जनता फरशीवर पाणी मारून, पंख्याखाली. ही सवय मग दिवाळीतही सुटत नाही, आणि आम्ही अंदमानला गेलो ते नेमके दिवाळीच्या सुट्टीत.

गेलो म्हणजे अख्खं खटलं गेलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, भूगोलाचे निवृत्त मास्तर. आई. चोपड्याचे केळीवाले काका आणि काकू. बायको, चिरंजीव आणि सामान उचलायला मी. नवजीवन एक्स्प्रेसनं चेन्नई, पुढे विमान. काकूंच्या एका बॅगेत दाण्याची चटणी, ठेचा, कळण्याचं पीठ आणि पत्र्याच्या डब्यात कुरडया.

"काकू, अंदमानात कुरडया?"

"हॉटेलवाला तळून देईल की. तेलच तर तापवायचं आहे त्याला."

चेन्नईच्या काट्यावर बॅगा जड भरल्या. कमी काय करायचं यावर चर्चा झाली आणि बायकोच्या समुद्रासाठी घेतलेल्या चपला, टोपी, टॉवेल तिच्या हातात आले. पिठाला कुणी बोट लावलं नाही.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 साली श्री विजयपुरम झालं, हे आप्पांनी विमानातच सगळ्यांकडून वदवून घेतलं. उतरल्यावर जेवलो आणि शिरस्त्याप्रमाणे पडलो. बायकोनं सुचवून पाहिलं, आधी समुद्र बघू या का? काका कूस वळवत म्हणाले, "समुद्र काय पयी जाई ऱ्हायना का?"

समुद्र नाही पळाला. सूर्य पळाला. साडेतीनला उठलो, चहा झाला, काकूंची वेणी झाली, आईचा चष्मा सापडला आणि चिडिया टापूचा प्रसिद्ध सूर्यास्त पाहायला निघालो. वाटेत समोरून गाड्यांची रांग येत होती. सूर्यास्त पाहून परतणारे लोक होते ते. आम्ही पोचलो तेव्हा घड्याळात पावणेसहा आणि डोळ्यांसमोर मिट्ट काळोख. लाटांचा आवाज मात्र छान येत होता.

तिथे, मोबाइलच्या उजेडात, आप्पांनी तास घेतला. जळगाव साधारण साडेपंच्याहत्तर रेखांशावर, हे गाव पावणेत्र्याण्णववर. एका अंशाला 4 मिनिटं. म्हणजे सूर्य इथे आपल्यापेक्षा तासाहून जास्त पुढे, पण घड्याळ देशभर एकच, म्हणून नोव्हेंबरात पाचच्या आसपास दिवस संपतो.

"अहो आप्पा, मग हे दुपारी का नाही सांगितलं?" बायको.

"झोपले होते ना सगळे."

सगळ्यांत मोठ्यानं कोण घोरत होतं, ते मी सांगत नाही. पेन्शन त्यांची, तिकिटं त्यांची.

सेल्युलर जेलला मात्र सकाळीच गेलो. 1906 साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या 7 पाखांपैकी, म्हणजे विंगांपैकी, आता 3 उरल्यात. प्रत्येक कोठडीचं तोंड समोरच्या पाखाच्या पाठीकडे, कैद्याला कैदी दिसू नये म्हणून. कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा पाहून आई बराच वेळ तिथेच उभी राहिली. त्या दुपारी झोपेचा विषय काकांनीसुद्धा काढला नाही.

मग बोटीनं स्वराज द्वीप, म्हणजे आधीचं हॅवलॉक. भर पुरात तापी पोहून गेल्याच्या कथा आम्हाला लहानपणापासून ऐकवणारे काका बोट सुटल्यावर थोड्याच वेळात कागदी पिशवीत तोंड घालून बसले. काकूंनी पाठ चोळता चोळता विचारलं, "तापीला लाटा नव्हत्या वाटतं?"

इथे राधानगरचा किनारा चुकवायचा नाही, असं बायकोनं बजावलं होतं. तरी जेवण झालं, उशा मांडल्या गेल्या आणि लक्षात आलं की काका नाहीत. शोधाशोध झाली. आई तर समुद्राकडेच धावली. काका सापडले हॉटेलच्या मागे, केळीच्या बुंध्याशी उकिडवे. एक पान त्यांनी उजेडाकडे धरलं होतं आणि त्यावरच्या तपकिरी रेघांवरून बोट फिरवत ते माळ्याला सांगत होते, "करपा शे भो, करपा!" माळी बंगालीत काहीतरी सांगत होता. दोघांचं एकमेकांना अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही माना डोलवत होते. काकांनी रोगट पानं कापून घेतली, बुंध्याशी फुटलेली पिलं कोणती ठेवायची ती खुणेनं दाखवली, तेव्हाच ते उठले.

या भानगडीत सगळ्यांची झोप उडाली आणि आम्ही चक्क साडेतीनला राधानगरला हजर. पांढरी वाळू, मागे उंचच उंच झाडं, पाण्याचा रंग तर असा की चिरंजीवानं मोबाइल खाली ठेवला. सूर्य सगळ्यांच्या देखत मावळला. आप्पा घड्याळ पाहून म्हणाले, "जळगावात अजून ऊन असेल." काका वाळूवर पालथे पडून घोरत होते.

किनाऱ्यावरून शंख, प्रवाळ उचलायला तिथे मनाई आहे. त्यामुळे परतताना विमानतळावर काकूंची बॅग यंत्रातून गेली आणि तिथला जवान सावध झाला. डबा उघडला. आत पांढरट, ठिसूळ, गुंतागुंतीचे गोळे. हॉटेलच्या आचाऱ्यानं तळायला साफ नकार दिलेल्या कुरडया. जवान म्हणाला, "मॅडम, कोरल ले जाना मना है."

"कोरल कायका? गहू है भाऊ! तीन दिन भिगाया, चीक निकाला, सोऱ्यासे पाडा, गच्चीपे वाळवाया!"

आप्पा प्रवाळ कसं तयार होतं ते सांगू लागले, त्यानं संशय वाढला. साहेब आला. त्यानं एक तुकडा मोडला, वास घेतला, दाताखाली धरला. रांगेत मागे उभ्या असलेल्या नागपूरच्या बाई ओरडल्या, "अहो, कुरडई आहे ती!" तेव्हा कुठे डबा बंद झाला. साहेबानं एक मात्र हातात ठेवून घेतली.

काकू पुढे गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि त्याला म्हणाल्या, "तेल कडकडीत तपने दो हां. नहीं तो फुलती नहीं."