भिंत फोडा असं मी कुठे लिहिलंय?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या घरात अलार्मचे सेन्सर शक्यतो वायरचेच बसवा असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं की वायरलेसची बॅटरी आता वर्षानुवर्षं चालते, ॲपवर सगळं दिसतं, आणि वर "भिंती फोडायला सांगणाऱ्याने जुनं घर कधी पाहिलेलं दिसत नाही". मुद्दा मांडा ना, हा सूर कशाला? ओळख ना पाळख आणि थेट माझी लायकी काढताय.

एक चूक मान्य. वायरलेस सेन्सर सगळे ४३३ मेगाहर्ट्झ या रेडिओ फ्रीक्वेन्सीवर चालतात असं मी लिहून गेलो, ८६८ वालेही असतात. दुरुस्त केलंय.

आता जुनं घर. माझा जन्मच तसल्या घरात झालाय, दोन फुटी दगडी भिंती. आणि वायरलेस मीच आधी हौसेने बसवला होता बरं का. मागच्या दाराचा सेन्सर आणि पॅनल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, यांच्यामध्ये दोन भिंती आणि आईचं लोखंडी कपाट, त्या कपाटाचं दार उघडं राहिलं की सिग्नल गेला म्हणून पॅनल ओरडणार, आई दचकून उठणार. सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर आणला तर त्याला प्लग पॉइंट हवा, आणि मधल्या खोलीत तो नव्हताच.

मग वायर घेतली. चौकटीच्या कडेने वर नेली, माळ्यावरून फिरवली, खाली पॅनलपर्यंत केसिंग पट्टीतून उतरवली. अख्ख्या घरात भोक एकच, तेही माळ्याच्या फळीला. भिंतीचा टवकासुद्धा उडाला नाही! चौकटीला रीड स्विच (चुंबक जवळ असेपर्यंत जोडलेला राहणारा), दाराला लोहचुंबक, आणि रेझिस्टर, म्हणजे ठरावीक विद्युतरोध देणारा छोटा भाग, पॅनलमध्ये नाही, तर लूपच्या (सेन्सर जोडणाऱ्या वायरच्या फेऱ्याच्या) शेवटच्या सेन्सरपाशी. पॅनल तो रोध सतत तपासत असतो, त्यामुळे कोणी वायर तोडली काय किंवा शॉर्ट केली काय, पॅनलला कळतंच. एकदा उंदराने कुरतडली, तेव्हा लगेच कळलं, जॉइंट जॉइंटला मल्टिमीटर लावत अर्ध्या तासात जागा सापडली. वायरलेसचा सिग्नल का जातो हे शोधायला मात्र मला तीन आठवडे लागले होते.

बॅटरी आणि ॲपचं म्हणाल तर पातळ भिंतींच्या नव्या घरात खुशाल लावा, माझी ना नाही.

पुढे लिहाल तेव्हा तुमच्या भिंती किती जाड आहेत आणि पॅनल कुठे बसवलाय तेवढं लिहा, मग बोलू. जुनं घर पाहिलंय का, हे मात्र मला परत विचारू नका.