650सी चाकांबाबत खुलासा

फिक्स्ड गिअर सायकलच्या (मागचे चाक फिरत असेपर्यंत जिचे पेडलही फिरतच राहते) 700सी मापाच्या चाकांसाठी बनवलेल्या फ्रेमला त्याहून लहान 650सी मापाची चाके लावली की बाकी काही न बदलता ती चपळ होते, असे सांगितले जात आहे. ही माहिती अपुरी आणि धोकादायक आहे. रिमवर टायर बसतो तेथील व्यास 622 मिलिमीटरवरून 571 वर येत असल्याने, टायरची जाडी तीच ठेवल्यास, पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो आस आणि त्यासोबत पेडलही सुमारे 25 मिलिमीटर खाली येते. वळणावर सायकल कललेली असतानाही फिक्स्ड गिअरचे पेडल फिरतच राहते. ते रस्त्याला टेकले तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार पडू शकतो. गिअरही सुमारे 8 टक्क्यांनी हलका होतो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल तेवढे कमी अंतर जाते. मात्र ट्रॅक शर्यतींत लहान चाकांना बंदी आहे, हेही खरे नाही : यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांनुसार टायरसह 55 ते 70 सेंटिमीटर व्यास चालतो, फक्त दोन्ही चाके सारख्याच व्यासाची हवीत.