गच्चीवरची बाग वाळली, त्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. "लो मेंटेनन्सच्या नावाखाली फसवणूक. दिवाळीत 10 दिवस गावी गेलो, परत आलो तर निम्मी बाग वाळलेली, फोन केला तर माणूस दोन दिवसांनी आला." दोन दिवस लागले हे खरं आहे. भाऊबीजेमुळे आमची कामाची मुलं सुट्टीवर होती, पण तसं फोन करून कळवायला हवं होतं. त्याबद्दल माफी मागतो.

'फसवणूक' हा शब्द मात्र लागला. रिव्ह्यू वाचूनच लोक आम्हाला काम देतात, म्हणून पाण्याचा हिशोब इथेच मांडतो.

तुमची टाकी ठिबकच्या नळीपेक्षा साधारण 2 मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून दाब जेमतेम 0.2 बार मिळतो, त्यामुळे ताशी 4 लिटरचा ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) तिथे पावणेदोन लिटरच्या आसपासच पाणी सोडतो. ते धरूनच टायमर सकाळ-संध्याकाळ 20-20 मिनिटांवर लावला होता. म्हणजे 12 इंची कुंडीला दिवसाला 1.2 लिटर, दिवाळीच्या हवेत पुरेसं. टायमरही मुद्दाम बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे मोटरने कॉक फिरवणारा बसवला. सोलेनॉइडचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारे बहुतेक टायमर इतक्या कमी दाबाला नीट उघडत नाहीत.

आमचा माणूस आला तेव्हा टायमर चालू होता, सेल चांगले होते, फिल्टरच्या जाळीत थोडा गाळ होता. बंद होता तो टाकीखालचा कॉक. गावाला जाताना पाणी बंद करून जायची सवय कुणालाही असते, त्यात गैर काही नाही. पण बागेची लाइन त्याच कॉकवर आहे हे काम संपवताना दाखवलं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही पाठवला होता. कॉक बंद असला तरी टायमर वेळेवर उघडतो आणि मिटतो, फक्त पाणी येत नाही.

दुसरं, पाचटाचं. ओल टिकावी म्हणून कुंड्यांवर 2 इंच उसाचं पाचट घातलं होतं, ते "कचरा दिसतो" म्हणून काढलं गेलं. पाचट असतं तर बिनपाण्याचे 10 दिवस निघालेच असते असा दावा नाही, पण जास्वंद आणि मोगरा बहुधा तगले असते. 28 पैकी 13 कुंड्या वाळल्या, त्यातल्या 9 शेवंती आणि पुदिन्याच्या. ही दोन्ही आमच्या यादीत नव्हती, "रोज पाणी लागेल" असं कोटेशनवर लिहूनच लावली. गवती चहा, कोरफड, कण्हेर, कढीपत्ता आजही उभे आहेत. कमी देखभालीची बाग झाडांच्या निवडीतच ठरते, आणि तरी दर पंधरवड्याला फिल्टरची जाळी धुवावी लागतेच.

आता एक करा. कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण सुकलं की वरून ओतलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. म्हणून कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. उचलत नसेल तर 15 मिनिटांच्या अंतराने तीनदा थोडं थोडं पाणी द्या. फांदीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर वाळलेले शेंडे तेवढे छाटा, झाड उपटू नका. नवी पालवी येईपर्यंत खत नको, निंबोळी पेंडसुद्धा नको.

जास्वंद आणि मोगरा आम्ही बदलून देतो, रोपांचे पैसे घेणार नाही. शेवंतीचं समोर बोलू. कॉकला लाल पट्टी बांधून देऊ, बागेची लाइन वेगळी काढता येते का तेही बघतो. शनिवारी सकाळी 9 ते 10 च्या दरम्यान माणूस येईल. गच्चीची किल्ली तेवढी वॉचमनकडे ठेवा, मागच्या वेळी तो पाऊण तास खाली उभा होता.