रोझ दांपत्याचे घर आणि निपाणीचा उतारा

डॅनी डेव्हिटो यांनी दिग्दर्शित केलेला 'द वॉर ऑफ द रोझेस' हा चित्रपट १९८९ मध्ये आला. तो वॉरन अ‍ॅडलर यांच्या १९८१ च्या ज्या कादंबरीवर बेतला होता, तिच्यावरूनच २०२५ मध्ये 'द रोझेस' निघाला. दोन्हींत सुखवस्तू जोडप्याचे बिनसते आणि घर कोणाचे, या एका प्रश्नावरून दोघे एकमेकांच्या जिवावर उठतात. बेळगावच्या न्यायालयात वकिली करणारा माझा मामेभाऊ दोन्ही पाहून मला फोनवर म्हणाला, "ही तुमच्याकडची तऱ्हा. आपल्याकडे कितीही भांडले तरी संसार मोडत नाही." दादाचे हे मत त्याच्या एकट्याचे नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी या साऱ्या पट्ट्यात कोणत्याही लग्नकार्यात ते ऐकू येते, आणि मुली मिळवू लागल्या म्हणून घटस्फोट वाढले, हे खूळ पश्चिमेकडून आले, ही पुस्ती त्याला हमखास जोडली जाते. इंग्लंडमध्ये इतकी वर्षे राहिल्यावर मला वाटते की रोझ दांपत्याच्या भांडणावर आपण हसू शकतो ते दोघांचा त्या घरावर सारखा दावा आहे म्हणून, आणि आपल्याकडे असा विनोद घडत नाही तो संसार टिकतो म्हणून नव्हे, तर एका पक्षाच्या हाती भांडायला काही नसते म्हणून.

जुन्या चित्रपटातली बायको बार्बरा वकिलासमोर पोटगी मागतच नाही. तिला घर हवे आहे, कारण ते शोधले तिने, सजवले तिने. नवरा ऑलिव्हरचे म्हणणे असे की पैसे त्याचे, म्हणून घर त्याचे. कायद्यातली एक फट सापडते आणि दोघेही त्याच छपराखाली राहतात. मग घराच्या नकाशावर रंग भरून हद्दी आखल्या जातात, तो तिच्या चपलांच्या टाचा करवतीने कापतो, तिच्या पाहुण्यांसाठी शिजत असलेल्या माशांवर लघवी करतो, ती त्याची लाडकी मोटार आपल्या अजस्र गाडीखाली चिरडते. हे सारे सांगणारा वकील तासाला ४५० डॉलर घेतो, आणि अशा माणसाने काही फुकट सांगितले तर ते ऐकावे, असे स्वतःच बजावतो. नव्या चित्रपटात पारडे उलटे झाले आहे: पैसा बायकोच्या उपाहारगृहाचा आणि घर वास्तुविशारद नवऱ्याने कल्पून उभारलेले. म्हणजे वाद स्त्री-पुरुषांचा उरत नाही. ज्याने पैसे घातले त्याचे घर, की ज्याने ते घडवले त्याचे, एवढाच तो उरतो, आणि आमच्या सीमाभागातल्या चर्चेत नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

निपाणीत आमच्या शेजारी एक काकू होत्या. दुपारभर सूप मांडीवर घेऊन त्या विड्या वळायच्या. पान कातरून त्यात तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, हे सारे बोलता बोलता, हाताकडे न बघता. मजुरी हजार विड्यांमागे मिळायची. भिशी आणि बचतगटाचे कर्ज यांतून त्यांनी दोन खोल्या पक्क्या बांधल्या. उताऱ्यावर नाव नवऱ्याचे लागले, कारण तसेच लावायचे असते. पुढे नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि काकू सूप घेऊन भावाच्या दारात आल्या. मी एकदा सुटीत गेलो असताना त्यांना घटस्फोटाबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काडीमोड घेऊन मला काय मिळायचं रे बाबा? घर तर तसंबी गेलंयच." त्यांनी कोर्टाची पायरी चढली नाही. जिथला कागद कन्नडमध्ये निघतो आणि मराठीत कोणीतरी समजावून सांगावा लागतो, तिथे वर्षानुवर्षे तारखा घ्यायच्या कशासाठी, हा त्यांचा हिशेब मला तरी खोडता आला नाही. (तारीख म्हणजे काय, हे सीमाभागाला शिकवावे लागत नाही, महाराष्ट्राने २००४ मध्ये केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून आहेच.)

दादाच्या हिशेबात काकूंचा संसार टिकलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून सुमारे १३.६ लाख लोकांची नोंद झाली, आणि घटस्फोट न घेता वेगळे राहणाऱ्यांची संख्या त्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. आपण ज्या कमी प्रमाणाचा अभिमान बाळगतो, त्याच्या पोटात या टाकलेल्या, नांदवायला न नेलेल्या बायका आहेत.

खूळ पश्चिमेकडून आले, हेही खरे नाही. काडीमोड आणि पाट (म्हणजे पुनर्विवाह) हे शब्द कोणा इंग्रजाने आणले नाहीत. अनेक जातींत ती रीतच होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट तसाच राखला. त्याच्याही आधी, बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात असताना, प्रांताच्या १९४७ च्या कायद्याने इथल्या हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी झाली होती. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरले की तर कायदाच बदलतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या गोव्याच्या विवाह कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरली जाते आणि निम्मा वाटा तिचा असतो. खानापुरातल्या दोन बहिणींपैकी एक गोव्यातल्या साखळीला दिली आणि दुसरी गोकाकला, तर लग्न मोडल्यावर पहिलीला निम्मे मागता येते, दुसरीला पोटगी. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने दुसरीला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

इंग्लंडचा कायदा मला नंदनवन वाटतो असे नाही. २०१८ मध्ये इथल्याच सर्वोच्च न्यायालयाने टिनी ओवेन्स या बाईंना घटस्फोट नाकारला, कारण नवऱ्याचा पुरेसा दोष सिद्ध झाला नव्हता. त्यानंतर कायदा बदलला आणि ६ एप्रिल २०२२ पासून कोणाचाही दोष न दाखवता लग्न संपवता येते. तेही चटकन नव्हे, किमान सहा महिने जातात. वकिलांची फी चित्रपटातल्यासारखीच बोचते. २०१३ पासून बहुतेक कौटुंबिक वादांत सरकारी कायदेशीर मदत मिळत नाही, त्यामुळे माणसे स्वतःच न्यायाधीशांपुढे उभी राहतात. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या बाईला तर त्या घरावर पत्नीसारखा हक्कही नाही. मात्र घराच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळाले आहे, आणि तेही एका शेतकरी जोडप्यामुळे. सॉमरसेटमधल्या मार्टिन आणि पामेला व्हाइट यांच्या दाव्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये सांगितले की कमावणारा आणि घर सांभाळणारा यांच्यात भेदभाव करायचा नाही, आणि वाटणी ठरवताना समानतेची मोजपट्टी लावून पाहायची.

दोष न दाखवता घटस्फोट आणि घराचा वाटा, या दोन्ही गोष्टी एकत्र करण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला होता. संसार सुधारण्यापलीकडे मोडला, एवढे कारण घटस्फोटाला पुरावे, ही शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्येच केली. त्यावरून आलेले विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले आणि त्यात पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद होती. पुढे ते बारगळले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणावरून आपण लग्न संपवू शकतो असा निर्वाळा दिला, पण तो अधिकार घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा, म्हणजे फक्त त्याच न्यायालयाचा. विडी वळणाऱ्या बाईने त्यासाठी दिल्ली गाठायची. शिवाय घराच्या वाट्याविना नुसता सोपा घटस्फोट आला, तर तो दुसरी बाई आणणाऱ्या नवऱ्याच्याच सोयीचा ठरेल, म्हणून या दोन तरतुदी तोडू नयेत असे मला वाटते.

दादाला हे पटत नाही. त्याचा आक्षेप पोकळ नाही: चार भावांची सामाईक उसाची जमीन असते, तीत एका भावाच्या घटस्फोटित बायकोचा वाटा काढला की तुकडे पडतात आणि चारही घरे कोर्टात जातात. वडिलार्जित जमिनीसाठी पैशांत वाटा द्यावा, की ती वगळावी, यावर कायदा करणाऱ्यांना डोके खाजवावे लागेलच. निपाणीच्या त्या दोन खोल्या मात्र वडिलार्जित नव्हत्या.