ओल्यावर ओलं

शाईने चित्र काढायचं म्हणजे एकाच माणसाने तीन स्वभाव सांभाळायचे. टाक हातात असला की ठाम, ब्रश हातात आला की बेफिकीर, आणि वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा हात, द्यायची वेळ आली की चक्क आळशी. तेही एकाच कागदावर, एकाच बैठकीत. माझ्याकडे हे तिन्ही स्वभाव आहेत, फक्त ते भलत्या वेळी कामावर येतात. टाक घेतला की आळस चढतो, ब्रश घेतला की एकेक पीस मोजून काढायचा ठामपणा येतो, आणि वॉश ओला असताना, म्हणजे हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं असतं तेव्हा, नेमकी बेफिकिरी अंगात संचारते.

काम तसं साधं होतं. पावसात फांदीवर बसलेला कावळा, कथेच्या डोक्यावर अर्धं पान. संपादकांचं म्हणणं एवढंच की या वेळी कॉम्प्युटरवर नको, हाताने करा, शाई-बिई वापरा, जरा मोकळं येऊ द्या. चित्रकाराला कुणी मोकळं काम सांगितलं की पुढचे सगळे दिवस बांधले गेले असं समजावं.

पहिला झगडा डाव्या हाताशी. स्क्रीनवर काम करून करून त्याला एकच विद्या येते, ती म्हणजे अनडू, केलेलं मागे घ्यायची. उजव्या हाताने रेघ जरा वाकडी मारली की डाव्याची दोन बोटं आपोआप टेबलावर आपटतात. टेबल काही ऐकत नाही. रेघ तिथेच असते, आणि वाळत असते.

मग निब. नव्या निबेला गंज लागू नये म्हणून कारखान्यातच तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर दिलेला असतो. तो निघेपर्यंत शाई निबेवर थांबतच नाही, थेंब होऊन घरंगळते. यावर प्रत्येक चित्रकाराचा आपापला तोडगा आहे. कुणी निब क्षणभर ज्योतीवरून फिरवतो, कुणी सरळ तोंडात धरतो, मी टूथपेस्ट लावते. घरच्यांना यातलं शास्त्र माहीत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की ही बाई स्वतःच्या आधी निबेचे दात घासते.

दात असतात हे मात्र खरं. निबेच्या टोकाला मधोमध एक चीर असते. दाब दिला की दोन्ही पाती फाकतात आणि रेघ जाड होते, दाब काढला की मिटतात आणि रेघ केसासारखी बारीक. स्वतःकडे ओढली तर निब लोण्यासारखी चालते. उलट दिशेने ढकलली की टोक कागदात रुततं, पाती ताणली जातात, आणि सुटताना शाईचे शिंतोडे उडवतात. हे शिंतोडे कोऱ्या बाजूला कधीही उडत नाहीत. त्यांना तयार झालेला भागच आवडतो. माझ्या कावळ्याच्या पाठीवर सुरेख आडव्या-तिरक्या रेघांची जाळी जमली होती आणि शेवटची रेघ चोचीकडे जात होती. ती पोचली, पण एकटी नाही, सगळं खानदान घेऊन.

शाईचंही प्रकरण आहे. इंडिया इंक म्हणजे मुळात काजळी, आणि ती धरून ठेवायला बहुतेक वेळा लाख. वाळली की पाण्याला दाद देत नाही, म्हणून रेघांवरून खुशाल वॉश फिरवता येतो. दुसऱ्या प्रकारच्या शाया रंगद्रावणाच्या असतात. दौतीत त्याही तितक्याच काळ्या दिसतात, पण वरून पाण्याचा ब्रश फिरला की रेघा हातपाय पसरतात. एका जातीची शाई वाळल्यावर हलत नाही, दुसरी वाळूनही थांबत नाही. आणि लाखेच्या शाईची निष्ठा कागदापुरती नसते. बाही, टेबल, नखं, मोबाइलची काच, सगळ्यांशी ती जन्माची गाठ बांधते. फाउंटन पेनात भरली तर आत घट्ट होते आणि ते पेन पुढे फक्त खिशाला लावायच्या कामाचं उरतं.

ब्रशची तर वेगळीच ऐट. उत्तम ब्रश कोलिन्स्की जातीचा, म्हणजे सायबेरियन वीझल नावाच्या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी असे ब्रश बनवले. राणीला सात नंबरचा आकार आवडायचा, म्हणून त्या मालिकेचं नावच सीरीज सेव्हन पडलं. राणी जलरंगात रमायची आणि जलरंग धुऊन निघतो. लाखेची शाई मात्र केसांच्या मुळाशी, धातूच्या टोपणात जाऊन वाळते आणि मग टोक दुभंगतं. एक रेघ मारायला जावं तर दोन समांतर उमटतात. तारांवर बसलेल्या कावळ्यांचं चित्र असतं तर मी ते सोयीचं मानलं असतं. माझा कावळा फांदीवर होता.

एवढं होऊन वॉश उरतोच. नवव्या शतकातल्या चांग यान-युआन या चिनी कलालेखकाने म्हटलंय की शाई नीट वापरली तर तिच्यातच पाचही रंग दिसतात. त्याला मान देऊन मी पाच वाट्या मांडते. पहिलीत जवळजवळ काळी शाई, शेवटच्या वाटीत नुसता संशय. थोड्या वेळाने पाचही वाट्यांतलं पाणी एकाच राखाडी रंगाचं झालेलं असतं, कारण ब्रश सगळीकडे जाऊन येतो आणि प्रत्येक वाटीला दुसरीची बातमी सांगतो. त्यातून वॉश वाळला की फिका होतो. म्हणजे ओला असताना जो बरोबर वाटतो तो चूक, आणि जो पाहून धडकी भरते तो बरोबर. काळजाला हे शिकवणं अवघड आहे.

खरी परीक्षा पुढेच. ओल्यावर ओलं टाकलं तर शाई आपसूक पसरते, आभाळ भरून आल्यासारखी. कोरड्यावर ओलं टाकलं तर कड स्वच्छ येते. या दोन्हींच्या मधे एक अवस्था असते. कागदाची चमक गेलेली असते, पण आत ओल असते. तेव्हा भरलेला ब्रश नुसता टेकवला तरी नवं पाणी जुन्या शाईला बाहेर रेटतं आणि कडेला दातेरी, काळपट झालर उमटते. ती पुसता येत नाही, झाकता येत नाही, आणि बघणारा नेमका तिथेच बोट ठेवून विचारतो, "हे मुद्दाम केलंय ना?" अशा वेळी हो म्हणण्यासारखं सुख नाही.

थांबायचं, एवढाच उपाय आहे. हेअर ड्रायर लावून बघा, तो डबक्याला कागदभर पळवतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड घेतला तर बरा वागतो. त्याहून पातळ असेल तर आधी भिजवून, गोंदपट्टीने फळीवर ताणून वाळवायचा, नाहीतर पाणी लागताच त्याला डोंगर-दऱ्या फुटतात. सगळं पाणी वाहत जाऊन सर्वांत खोल दरीत साठतं. माझ्या कागदावर ती दरी कावळ्याच्या डोळ्यात होती.

मधल्या वेळात मी थोरामोठ्यांची चित्रं बघते, म्हणजे दुःख नीट मुरतं. सेश्शू या जपानी भिक्षूने १४९५ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात, शिंपडलेल्या शाईचं एक निसर्गचित्र केलं. आधी नुसते फिके आणि गडद डाग दिसतात. मग कडा दिसतो, झाडी दिसते, आणि खाली पाण्यात एक इवलीशी होडी. डच चित्रकार रेम्ब्रांटने काढलेली झोपलेली बाई ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ब्रशचे मोजके तपकिरी फटकारे, आणि ती खरंच गाढ झोपलेली. हिला उठवायची कुणाची छाती होणार नाही. माझ्या कावळ्याकडे बघून मात्र कुणालाही तो आजारी आहे का असं विचारावंसं वाटेल.

आता एक गोष्ट सांगते, जी सगळ्या चित्रकारांना माहीत असते आणि कुणी गिऱ्हाइकासमोर बोलत नाही. चित्राशेजारी एक रद्दीचा तुकडा ठेवलेला असतो, ब्रश पुसायला आणि छटा तपासायला. तो तुकडा चित्रापेक्षा नेहमी सरस निघतो. तिथे हात घाबरत नाही. माझ्या तुकड्यावर निब चालते का बघताना मारलेली एक तिरकी रेघ होती. अर्धवट वाळलेला ब्रश पुसताना तिच्यावर एक खरखरीत काळा फटकारा बसला. वरून पाचव्या वाटीतलं पाणी सांडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते म्हणतात. इथे फांदी आधी पडली आणि कावळा मागाहून येऊन बसला, पंख मिटून, चिंब भिजून.

चित्राचा फोटो संपादकांना पाठवला तेव्हा कोपऱ्यात तो तुकडाही आला होता. उत्तर लगेच आलं. मोठ्या चित्राचा उल्लेखही नव्हता. "कोपऱ्यातला फारच छान! हाच घेऊ. फक्त त्याला उजवीकडे बघायला लावा, वर मथळ्याला जागा सोडा, आणि मोठ्या कागदावर करा. पण अगदी असंच, सहज."

तेव्हापासून मी ताणलेल्या, जाड, महागड्या कागदावर ब्रश सहज पुसायचा प्रयत्न करतेय. शेजारी ब्रश पुसायला अर्थातच आणखी एक रद्दीचा तुकडा ठेवावा लागलाय. तिथे उजवीकडे बघणारे तीन कावळे येऊन बसलेत, आणि मथळ्यालाही जागा आहे.