खुलासा: पी०१७१ कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला, असं नाही

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘स्कॅनरवर पी०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदला.’ हे चूक आहे. इंजिनच्या कॉम्प्युटरनं दिलेल्या या बिघाड-कोडचा अर्थ मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. बहुतेक वेळा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) खरं तेच सांगत असतो.

उद्यमनगरात सेन्सरची किंमत विचारण्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (साठवून ठेवलेली) ट्रिमची बेरीज आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +२० टक्क्यांच्या पुढे आणि २५०० आरपीएमला +५च्या आसपास असेल, तर हवा चोरवाटेनं शिरतेय. पहिला संशय पीसीव्हीच्या नळीवर (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकला नेणारी). ती वळणावर, खालच्या अंगाला चिरते. वरून धडधाकट दिसते, म्हणून इंजिन गार असताना बोटानं दाबून वाकवून बघा. मग ब्रेक बूस्टरची नळी, इनटेक मॅनिफोल्डचं (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट. स्मोक टेस्ट, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं, सगळ्यात खात्रीची. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारणारे आहेत, पण त्यानं आग लागू शकते.

आयडलला ठीक, पण पन्हाळ्याच्या चढाला ट्रिम वाढत जाते? मग पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलाय. फ्युएल प्रेशर बऱ्याच पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, तोंडाशी फवारणाऱ्या) गाड्यांत ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. लोडवर ते पडलं, तर फिल्टर किंवा पंप. एमएएफला फक्त त्याचाच क्लीनर, आतल्या तारेला बोट लावायचं नाही.

सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट लीक असेल तरीही खोटं पातळ दिसतं. ई२०नं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं) ट्रिम थोडी वाढते, पण एवढी नाही.